फोटोतल्या तिघी आणि फोटोबाहेरचे लोक

हा फोटो तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असणार. ८ मार्चच्या आसपास तर हमखास येतो. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे दागिन्यांनी मढलेल्या दमास्कसच्या सबात इस्लामबुली. कुणीही हसत नाही. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, की या आपापल्या देशातून जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या बायका. आपण बदाम देतो आणि पुढे सरकतो.

फोटोची तारीख १० ऑक्टोबर १८८५. ठिकाण अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. प्रसंग डीनबाईंनी दिलेल्या स्वागतसमारंभाचा. कॉलेजचं नवं वर्ष नुकतंच सुरू झालेलं आणि परदेशी विद्यार्थिनी आपापल्या मुलखाच्या पोशाखात आलेल्या. आजच्या विद्यापीठांत ज्याला 'इंटरनॅशनल डे' किंवा 'कल्चर नाइट' म्हणतात, त्याची ही पणजी म्हणायला हरकत नाही. परदेशात शिकायला गेलेल्या पोरांनी एक दिवस आपला देश अंगावर घालून यायचं आणि यजमानांनी तो कौतुकाने बघायचा.

मला हा फोटो आवडतो आणि खटकतोही. तिघी खटकत नाहीत, त्यांच्याकडे बघण्याची आपल्याला लागलेली सवय खटकते. ती सवय फक्त अमेरिकनांची नाही. आपण मराठी लोकांनी आनंदीबाईंवर कादंबरी लिहिली, नाटक केलं, सिनेमा काढला. त्या सगळ्यांनी मिळून त्यांना त्या एका संध्याकाळच्या पोशाखातून अजून बाहेर पडू दिलेलं नाही, असं मला वाटतं.

आधी फोटोवरच्या अक्षरांकडे बघू. तिघींच्या नावांआधी 'डॉ.' लिहिलेलं आहे. पण त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. ओकामींची पदवी १८८९ची, इस्लामबुलींची १८९०ची. म्हणजे ही ओळ मागाहून, सगळं पार पडल्यावर लिहिली गेली. किरकोळ गोष्ट आहे, पण या किरकोळ गोष्टीमुळे फोटोतून विद्यार्थिनी नाहीशी होते. विद्यार्थिनी म्हणजे जिला अजून सगळं येत नाही, जिचा निकाल लागायचा आहे, जिला थंडी वाजते, घरची पत्रं येतात आणि ती वाचून झोप उडते अशी कुणीतरी. 'डॉ.' लावलं की उरते ती फक्त कर्तबगारी. शेवट माहीत असलेल्या गोष्टीसारखा मग आपण तो फोटो वाचतो.

नावांचंही तसंच. इस्लामबुलींचं पहिलं नाव कागदोपत्री कुठे तबात, कुठे थबात, कुठे सबात असं सापडतं. अरबीतल्या त्या पहिल्या अक्षराचा उच्चार बदलत जातो, आपला 'ज्ञ' जसा नाशकात एक आणि बनारसमध्ये दुसरा होतो तसा. आनंदीबाई तिथे 'आनंदाबाई' झाल्या. आणि त्यांच्या नावापुढे गाव आहे सेरामपूर, तेही स्पेलिंग बिघडलेलं. कल्याण नाही, पुणे नाही, बंगालमधलं सेरामपूर! कारण पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांची बदली तिथे झाली होती आणि अमेरिकेला निघण्याआधी दोघांचा मुक्काम तिथे होता. अमेरिकन कागदावर एका मराठी मुलीचं गाव नवऱ्याच्या बदलीवरून ठरलं.

आता पोशाख. ही गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते.

फिलाडेल्फियाच्या लोकांना देश 'बघायची' सवय आधीच लागलेली होती. १८७६मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शंभरीला, त्याच शहरात मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. जवळपास १ कोटी लोक ते बघून गेले. जपानने तिथे स्वतःचं घर उभारलं होतं, बाजार मांडला होता. त्याआधी तीन वर्षं, व्हिएन्नाच्या १८७३च्या प्रदर्शनासाठी, ऑटोमन सरकारने साम्राज्यातल्या वेगवेगळ्या प्रांतांचे पोशाख माणसांना घालून त्यांचे फोटो काढले आणि त्यांचा जाडजूड संग्रह छापला. दमास्कस त्याच साम्राज्यात होतं. तेव्हा देश म्हणजे एक पोशाख, एक वस्तू, एक खोली, असं दाखवण्याची रीत आणि ते तसंच बघण्याची रीत, दोन्ही एव्हाना पक्क्या झाल्या होत्या. १८८५च्या समारंभात फक्त पुतळ्यांच्या जागी शिकणाऱ्या मुली आल्या.

गंमत अशी, की ज्या 'अस्सल' पोशाखासाठी हे सगळं चाललेलं असतं, तो पोशाख मूळ ठिकाणी तोवर हलायला लागलेला होता. टोकियोत १८८३ मध्ये रोकुमेइकान नावाची पाश्चात्त्य थाटाची इमारत उभी राहिली होती आणि तिथे जपानी उच्चभ्रू बायका युरोपी झगे घालून नाचाच्या मेजवान्यांना जात होत्या. १८८६पासून खुद्द सम्राज्ञी पाश्चात्त्य पोशाखात लोकांसमोर येऊ लागल्या. म्हणजे टोकियोतली बाई फिलाडेल्फियासारखी दिसायच्या खटपटीत असताना फिलाडेल्फियातली टोकियोची बाई किमोनोत उभी होती.

आणि आनंदीबाईंची साडी? त्या वाढल्या नऊवारीत. काष्टा घातला की पोटऱ्या उघड्या राहतात. घोटा दिसणंही जिथे अप्रशस्त मानत, त्या समाजात आणि तिथल्या कडाक्याच्या थंडीत ते जमेना. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, अंगात लांब बाह्यांचा पोलका. याविषयी नवरा-बायकोत पत्रापत्री झाली. एका चित्पावन बाईने काय नेसावं, हा तेव्हा घरगुती प्रश्न नव्हता, जातीचा आणि धर्माचा होता. निघण्याआधी सेरामपूरला त्यांनी इंग्रजीत जे भाषण केलं, त्यात हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द त्यांनी जाहीरपणे दिला होता. त्या शब्दाचा एक टोक साडीला बांधलेलं होतं. पण टिकून राहण्यासाठी त्या साडीतच बदल करावा लागला. अमेरिकन पाहुणे ज्याला 'हिंदुस्थानचा पोशाख' समजून बघत होते, तो मराठी बाईने अमेरिकेच्या हवेसाठी उचललेला गुजराती पर्याय होता. संस्कृतीची देवाणघेवाण फोटोच्या आधीच होऊन गेलेली होती. फोटोत फक्त तिची खूण पुसून 'इंडिया' असं लिहिलं गेलं.

कॉलेजविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर डीनबाई उगाच खलनायिका ठरतील. हे कॉलेज १८५०मध्ये स्थापन झालं, फक्त बायकांसाठी, आणि त्याचं अस्तित्वच त्या काळच्या पुरुष डॉक्टरांना झोंबत होतं. डीन रेचल बॉडली रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. आनंदीबाईंना राहायला मिळालेली पहिली खोली थंड, शेकोटी धड चालेना, धूर व्हायचा. बॉडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी नेऊन ठेवलं. हे खरं. त्याचबरोबर हेही खरं, की या कॉलेजचं मिशनऱ्यांच्या कामाशी जवळचं नातं होतं. भारतात आलेली पहिली मिशनरी स्त्री-डॉक्टर क्लॅरा स्वेन १८६९मध्ये इथूनच शिकून १८७० साली बरेलीत दाखल झाली. पूर्वेकडच्या बायका दुःखात आहेत आणि त्यांना आपली गरज आहे, या विश्वासावर देणग्या मिळत, सभा भरत, मुली डॉक्टर होऊन बोटीत बसत. अशा ठिकाणी साडीतली विद्यार्थिनी म्हणजे नुसती विद्यार्थिनी राहत नाही. ती पुरावा होते.

पुराव्याला प्रश्न विचारले जातातच. मिशनच्या कामात रस घेणाऱ्या बायकांच्या एका सभेत आनंदीबाईंना बालविवाह या विषयावर बोलायला सांगितलं. समोरच्या बायकांची अपेक्षा उघड होती. पूर्वेकडून आलेली ही हुशार मुलगी आता आपल्या समाजाचं दुखणं सांगणार, आपण हळहळणार. आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी बालविवाहाची बाजू घेतली. सभा चकित झाली.

हे वाचून अंगावर काटा येतो, कारण बोलणारी बाई कोण हे आपल्याला माहीत आहे. नवव्या वर्षी लग्न. नवरा बिजवर, जवळपास वीस वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि दहा दिवसांत मूल गेलेलं. त्या गावातल्या डॉक्टरी मदतीच्या अभावातूनच डॉक्टर व्हायची जिद्द जन्मली, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. आणि ती बाई परमुलखात उभी राहून त्याच प्रथेचं समर्थन करते!

चरित्रकारांची इथे पंचाईत होते. कुणी हा प्रसंग झटक्यात ओलांडतात, कुणी लहान वयाच्या आणि देशाभिमानाच्या खाती टाकतात. मला वाटतं, यातलं काही लपवण्यासारखं नाही. ज्याने ज्याने परदेशात जेवणाच्या टेबलावर, सगळे आपल्याकडे बघताहेत अशा क्षणी, 'तुमच्याकडे असं असतं ना?' हा प्रश्न ऐकलाय, त्याला ती सभा आतून कळेल. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या एका वाक्यात तुम्ही अमुक गावची, तमुक आईची मुलगी राहत नाही, तुम्ही 'तुमच्याकडे' होता. मग तोंडातून जे बाहेर पडतं ते तुमचं मत नसतं, तो वकिलाचा युक्तिवाद असतो. खरं मत तुम्ही रात्री मैत्रिणीला व्हॉइस नोटवर सांगता.

आनंदीबाईंची व्हॉइस नोट आपल्याकडे आहे. अमेरिकेतून त्यांनी गोपाळरावांना लिहिलेलं एक पत्र. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे आनंदीबाईंचा पत्रव्यवहार मराठी वाचकासमोर आला आणि पुढे मीरा कोसंबींनी त्यातला स्त्रीवादी धागा उलगडून दाखवला. या पत्रात आनंदीबाई नवऱ्याला हिशेब मांडून देतात. दहाव्या वर्षी तुम्ही लाकडाच्या ढलप्यांनी मारलंत. बाराव्या वर्षी पुस्तकं, खुर्च्या अंगावर फेकल्यात. सोडून जायची धमकी दिलीत. चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा केल्यात. प्रत्येक वयाला एक शिक्षा. आणि पुढे त्या जे करतात ते मला या यादीपेक्षाही मोठं वाटतं. तुमचं वागणं चांगलं की वाईट, असं विचाराल तर ते दोन्ही होतं, असं त्या म्हणतात. ध्येयाच्या बाजूने बघितलं तर योग्य, लहान मुलीच्या मनावर होणाऱ्या परिणामाच्या बाजूने बघितलं तर अयोग्य. मग एक टोमणा, की बायकोने ब्र काढायचा नाही आणि नवऱ्याला हवं ते करू द्यायचं असतं, तेव्हा हिंदू नवऱ्यांनी बायकांकडूनच सहनशीलता शिकावी.

विशीही धड न ओलांडलेली मुलगी नवऱ्याविषयी 'दोन्ही' म्हणते, आणि ते त्यालाच लिहून कळवते. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी बाईच्या लेखणीतून उतरलेला इतका तोललेला आणि इतका थंड संताप मी फार थोड्या ठिकाणी वाचलाय. हे पत्र पाठ्यपुस्तकात असायला हवं होतं. तिथे असतो तो फोटो.

सभेतली आनंदीबाई आणि पत्रातली आनंदीबाई एकच आहे. बालविवाहाची बाजू घेणारी खोटारडी आणि पत्र लिहिणारी खरी, असं मी म्हणत नाही. समोर कोण बसलंय त्यावर बोलणं ठरतं, एवढंच. परक्यांसमोर घर झाकायचं आणि घरात तोंड उघडायचं, हे आपल्याकडच्या बायकांना कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

हे सगळं हाताशी असताना आपण काय केलं? श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' १९६८मध्ये आली आणि आजही वाचली जाते. ती वाचावीच. गोपाळरावांसारखा विक्षिप्त, सुधारक, हट्टी, क्रूर आणि तरीही कुठेतरी केविलवाणा माणूस मराठी कादंबरीत इतक्या जोराने फार वेळा उभा राहिलेला नाही. पण अडचण नावापासूनच सुरू होते. 'आनंदी गोपाळ'. म्हणजे ही जोडप्याची गोष्ट. गोपाळरावांनी घडवलं आणि आनंदी घडली. मग ज्या तीन वर्षांतला मोठा काळ ती त्यांच्यापासून समुद्रापार होती, स्वतः घर शोधत होती, पैसे मोजत होती, साडीची पद्धत बदलत होती, ती वर्षं या गोष्टीच्या दृष्टीने फळ पिकण्याचा काळ ठरतात. फळाला काय वाटतं हे झाडाच्या गोष्टीत येत नाही.

२०१९चा समीर विद्वांस यांचा सिनेमा अधिक गोड आहे. ललित प्रभाकर आणि भाग्यश्री मिलिंद, दोघांचं काम उत्तम, आणि सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. माझ्यासोबत थिएटरात बसलेल्या मुली रडत होत्या आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण सिनेमाने मारहाणीचं तापटपणात आणि तापटपणाचं तळमळीत रूपांतर केलंय. गोपाळराव ओरडतात कारण त्यांना बायकोने शिकावं असं वाटतं, बस्स. पत्रातल्या त्या 'दोन्ही'मधलं एक सिनेमाने ठेवलं, दुसरं सोडून दिलं. अभिमान वाटायला एक बाजू पुरते. अंजली कीर्तने यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' (१९९७) हे चरित्र या बाबतीत कितीतरी प्रामाणिक आहे. जाड आहे, बसून वाचावं लागतं, आणि म्हणूनच बहुतेक त्यावर रील्स बनत नाहीत.

या टप्प्यावर मला आणखी एक दिवस आठवतो. ९ मे १९१६. ठिकाण न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्राचे अभ्यासक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांचा एक विद्यार्थी निबंध वाचतो. भीमराव आंबेडकर. विषय भारतातल्या जाती. त्यांच्यापुढेही प्रश्न तोच होता, 'तुमच्याकडे असं असतं ना?' फरक त्यांनी तो कसा घेतला यात आहे.

निबंधाची सुरुवातच प्रदर्शनांपासून होते. वस्तूंची आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं आपण पाहिलेली असतात, पण माणसांनी उभारलेल्या संस्थांचं प्रदर्शन ही कल्पना कुणाला सुचत नाही, आणि आज आपण तेच करणार आहोत, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणतात. मला दर वेळी इथे फिलाडेल्फिया आठवतं. १८७६चा तो बाजार, १८८५चा तो फोटो. आंबेडकर प्रदर्शनाची भाषा उचलतात, पण मांडणाऱ्याची आणि बघणाऱ्याची जागा बदलून टाकतात. देश अंगावर घालून उभं राहायचं नाही, तो टेबलावर ठेवायचा आणि उघडून दाखवायचा.

उघडल्यावर काय दिसतं? जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्यामुळे. तसं टिकवायचं तर जातीतल्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई 'जास्त' होते. तिच्यासाठी सती किंवा सक्तीचं वैधव्य. बायको मेली की पुरुष 'जास्त' होतो. त्याला मारता येत नाही, संन्यासी करून ठेवणं परवडत नाही. मग त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न पोचलेल्या मुलींमधून नवरी आणायची. बालविवाह हा असा हिशेबातून येतो, असं ते दाखवतात.

आता परत गोपाळरावांकडे बघा. बिजवर. नऊ वर्षांची मुलगी. निबंधात त्यांचं नाव नाही, कारणही नाही. पण सभेत आनंदीबाईंनी ज्याची बाजू घेतली आणि पत्रात ज्याचे वळ मोजून दाखवले, त्या गोष्टीचं यंत्र ३१ वर्षांनी दुसऱ्या एका मराठी भाषक विद्यार्थ्याने परदेशातल्याच एका खोलीत खोलून दाखवलं.

यावरून आंबेडकर बरोबर आणि आनंदीबाई चूक, असा निकाल लावणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. सेमिनारची खोली आणि स्वागतसमारंभाचा दिवाणखाना या दोन वेगळ्या जागा आहेत. सेमिनारमध्ये वाद घालायला बोलावतात, दिवाणखान्यात बघायला. आंबेडकरांवर हिंदू म्हणून परत यायची शपथ नव्हती. ज्या धर्माने पाणी नाकारलं त्याची अब्रू राखायची जबाबदारी त्यांच्यावर कुणी टाकणार नव्हतं, आणि त्यांनीही ती घेतली नसती. आनंदीबाई उच्च जातीच्या होत्या, पण बाई होत्या, विशीतल्या होत्या, आणि धर्म बदला असं सुचवणाऱ्यांच्याच पैशांवर आणि मायेवर बऱ्याच अंशी जगत होत्या. बाजू सोडली असती तर सेरामपूरला दिलेला शब्द मोडला असता. जात ज्याला वर बसवते त्याला ती झाकावीशी वाटते, ज्याला खाली दाबते तो ती उघडतो, हे आहेच. पण झाकणारीला त्या झाकण्याची किंमत मोजावी लागली नाही, असं कुणी म्हणू नये.

हा मुद्दा जुना झालेला नाही. २०२३च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने मनाई केली. तेव्हापासून अमेरिकेतल्या आपल्या मुलांना वर्गात, कामावर, खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीकडून जातीविषयी विचारलं जाणं वाढलंय. कल्चर नाइटला नऊवारी, नथ, फेटा, ढोल सगळं असतं. लावणीवर नाचणाऱ्या मुली असतात आणि त्यांतल्या कितीजणींच्या आज्यांनी लावणी ऐकायलाही बंदी होती हे कुणी विचारत नाही. टाळ्या पडतात. समारंभाला माझा विरोध नाही. घरापासून लांब असलेल्या पोरांना एक रात्र मनसोक्त मराठी बोलता येतं, पुरणपोळीचा वास येतो, याचं मोल बाहेरच्याला कळणार नाही. पण त्या रात्रीनंतर भांडी घासताना 'तुमच्याकडे असं असतं ना?' हा प्रश्न येतो, तेव्हा खरी देवाणघेवाण सुरू होते किंवा संपते.

आनंदीबाईंच्या बाबतीत ती सुरू झाली होती एका दातांच्या दवाखान्यात. गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र आणि त्याला मिळालेलं, आधी धर्म बदला या चालीवरचं उत्तर, दोन्ही एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं. न्यू जर्सीच्या रोझेल गावात राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर १८८०मध्ये दंतवैद्याकडे नंबर यायची वाट बघत बसल्या असताना त्यांनी ते चाळलं आणि त्यांना वाटलं, या मुलीला आपण लिहावं. त्यांनी लिहिलं. आनंदीबाईंनी उत्तर दिलं. तीन वर्षं पत्रं चालली आणि त्यात आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. जून १८८३मध्ये बोट न्यूयॉर्कला लागली तेव्हा धक्क्यावर मावशी हजर होती. या नात्याचा तसा प्रसिद्ध फोटो नाही. त्यात कुणी कुणाचा देश नव्हतं.

आणखी एका ठिकाणी आनंदीबाई स्वतःच्या अटींवर बोलल्या, तो म्हणजे पदवीसाठीचा प्रबंध. विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. जुन्या संस्कृत ग्रंथांचा आधार घेऊन तो लिहिलाय. 'आर्य हिंदू' या शब्दांत अभिमान आहे, थोडा पोशाखही आहे, मान्य. पण इथे त्या शिकवणाऱ्यांना काहीतरी शिकवू पाहतात. तपासणाऱ्या डॉक्टरांना माहीत नसलेल्या ग्रंथांतलं ज्ञान घेऊन एक मूल गमावलेली मुलगी बाळंतपणावर लिहिते. तिचं स्वतःचं बाळंतपण त्या पानांत कुठेच नाही, आणि प्रत्येक पानात आहे.

पदवी घेऊन त्या परत आल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक ठरलेली होती, पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर होता. ओकामी टोकियोला परतल्या, काही काळ हॉस्पिटलात काम केलं, मग स्वतःचा दवाखाना चालवला आणि १९४१पर्यंत जगल्या. इस्लामबुली दमास्कसला गेल्या, नंतर कैरोत असल्याची नोंद आहे. तिघी पुन्हा एका फोटोत आल्या नाहीत.

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या दफनभूमीत ती आहे. दगडावर त्यांचं नाव, एम. डी., सालं आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. शुक्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे, गूगलने त्यांचं डूडल केलं, पण मला बघायचाय तो हा दगड. त्याच्यावर जात कोरलेली आहे, आणि तो उभा आहे मावशीच्या घराण्याच्या जागेत, कार्पेंटरांच्या दगडांमध्ये.